बरोबरीचा फेटा

लोणावळ्याहून लोकलने कान्ह्याला उतरलो. टाकव्यापर्यंत रिक्षा मिळाली. आंदर मावळात शिरणारी एसटी मात्र निघून गेली होती. पुढे चालत गेलो. दोन्ही बाजूंना कापणी उरकलेली खाचरं (भाताची बांध घातलेली शेतं) होती. गाव गाठेपर्यंत दुपार झाली.

ज्यांच्याकडे मी निघालो होतो, त्या युनूसभाऊंनी सामन्यासाठी किराणा दुकान बंद ठेवलं होतं. त्यांची मुलगी नसीमा भारताच्या मुलींच्या फुटबॉल संघाची गोलरक्षक. परदेशातल्या वयोगटाच्या आशियाई स्पर्धेत संघाचा गटातला शेवटचा सामना होता. त्यांनी मला तांदळाची भाकरी आणि अंड्याचं कालवण वाढलं. स्वतः जेवले नाहीत.

"आज जिकल्या तरच फुडं," ते हळू आवाजात म्हणाले. "सकाळी फोनवर सांगितलं तिनं. फुडच्या खेपंला वयात बसायची न्हाई."

"गावाला ठाऊक आहे?"

"न्हाई. उगं कशाला."

शाळेच्या खोलीत टीव्ही लावला होता. पुढे शंकरआबा बसले होते, एकेकाळचे पैलवान.

"फुटबॉल म्हंत्यात, अन् ही हातानंच खेळतीया की!"

"गोलकीपर हाय ती, आबा!" मागून एक बाई ओरडल्या. "गप बघा."

नसीमाने सगळे फटके अडवले. आपल्या मुलींनाही गोल करता आला नाही. शेवटची शिट्टी वाजली तेव्हा नसीमा गोलच्या खांबाला टेकून खाली बसली.

खोलीत हलगी कडाडली. इथल्या जत्रेत कुस्ती बरोबरीत सुटली की दोन्ही पैलवानांना फेटा बांधतात. आबांनी स्वतःचा फेटा सोडून युनूसभाऊंना बांधायला घेतला. भाऊंनी मान वाकवली.

तेवढ्यात फोन आला. पलीकडे नसीमा रडत होती.

"अब्बा, संपलं."

"वाजाप ऐक," ते म्हणाले आणि फोन हलगीकडे धरला.

परतताना आबांनी मोटारसायकलवरून टाकव्याला सोडलं. "आता फुडची लढत कवा?" त्यांनी वाटेत विचारलं. मी नियम सांगितला: बरोबरी पुरत नाही, जिंकलं तरच पुढे.

त्यांनी गाडी बाजूला घेतली. "युनूसला ठावं व्हतं?"

"हो."

त्यांनी किक मारून गाडी टाकव्याला आणली. मी उतरल्यावर म्हणाले, "पर पोरगी हरली न्हाई की."

"नाही हरली."

"मग?"

मी नियम पुन्हा सांगितला. तो त्यांना पहिल्याच वेळी कळला होता.