पाचवी ओळ

फलकांच्या कारखान्यात त्यांना सगळे ठिपकेकाका म्हणत. बसच्या कपाळावर दिव्यांच्या ठिपक्यांनी गावाचं नाव झळकतं, ती अक्षरं त्यांनी घडवलेली. आलेखाची वही, टोक काढलेली पेन्सिल, आडवे सोळा आणि उभे सोळा चौकोन. जेवढे चौकोन काळे, तेवढे दिवे पेटणार. तिरकी रेघ हवी तर पायऱ्या पाडायच्या, गोलाई हवी तर कोपरे खायचे. एकतीस वर्षं काकांनी दुसरं काही केलं नाही.

पहिल्याच वर्षी बाहेरून मागवलेल्या फलकांत वरून पाचवी ओळ पेटतच नव्हती. माल परत पाठवायचा नाही, असा कारखान्याच्या मालकांचा, थोरल्या साहेबांचा हुकूम. काकांनी आठवडाभर खपून, ती ओळ कोरी ठेवूनही सहज वाचता येतील अशी अक्षरं काढली.

"गळा चिरलेली अक्षरं आणलीस होय माझ्यापुढे?" म्हणत थोरल्या साहेबांनी चहाचा पेला वहीवर ओतला. फलक मात्र त्याच अक्षरांनी खपवले. काकांनी वही वाळवून कपाटात ठेवली.

थोरले साहेब गेले. पुढे त्यांच्या मुलाच्या, धाकट्या साहेबांच्या बायकोला ती वही सापडली आणि तिने अक्षरं कॉम्प्युटरवर चढवली. जुन्या वळणाची म्हणून लोकांनी ती डोक्यावर घेतली. मोबाइलच्या खेळांत, टी-शर्टांवर, कॉफीच्या कपांवर, जिकडेतिकडे तीच कोरी ओळ. वही कारखान्याच्या दारात काचेच्या पेटीत मांडायचं ठरलं.

काकांच्या निवृत्तीला दहा दिवस उरले होते. त्यांनी जन्मात पहिल्यांदा काही मागितलं. "बाईसाहेब, पेटीवर माझं नाव घाला. बारीक अक्षरांत चालेल."

"बघू हं, काका."

काकांनी घरी जाऊन ठेवणीतला सदरा इस्त्रीला टाकला.

दोन दिवसांनी बोलावणं आलं. पेटीवरची पाटी काकांच्याच हातची हवी होती. मजकुराच्या चिठ्ठीवर 'अक्षरांचे जनक' आणि पुढे थोरल्या साहेबांचं नाव.

"पण साहेब, ही तर मी..."

"चौकोन तुम्ही भरलेत हो, नाही कोण म्हणतंय," धाकटे साहेब म्हणाले. "डोकं बाबांचं. हा डाग बघा. चहा पीत तासन्‌तास या वहीवर बसलेले असायचे."

काका टेबलाशी बसले. थोरल्या साहेबांच्या नावात पाचव्या ओळीतले अक्षरांना लागणारे चौकोनही त्यांनी एकेक करत काळे केले. कोणी ढुंकूनही पाहणार नाही अशी साधी, सरळसोट अक्षरं झाली. आपली अक्षरं तरी त्या नावाला द्यायची नाहीत, एवढंच त्यांच्या हातात होतं.

बाईसाहेबांनी कागद पाहिला. "अहो काका, ही आपली अक्षरं कुठे आहेत? हात गेला तुमचा."

तिने कॉम्प्युटरवर नाव टाइप केलं. पापणी लवते न लवते तोच ते पडद्यावर उभं राहिलं. पाचवी ओळ कोरी, काकांनी खाल्लेला एकेक कोपरा जागच्या जागी.

"कशाला त्रास दिलास यांना," धाकटे साहेब बायकोला म्हणाले, आणि हातातला चहाचा पेला त्यांनी काकांच्या कागदावर टेकवला.