जिनोआचं बेसन

ताटात काहीही वाढलं की मामा आधी ते उलटं करायचे. चपाती, भाकरी, कँटीनमधला डोसा, कुणाच्या वाढदिवसाच्या केकचा तुकडासुद्धा. खालची बाजू बघायची, मान हलवायची आणि मगच घास तोडायचा. "वरनं समदंच चांगलं दिसतंय," ते म्हणायचे. "खालनं बघावं."

चाकणच्या आमच्या कंपनीत ते मेंटेनन्सला होते, मी प्रोजेक्टला. सगळी कंपनी त्यांना मामा म्हणायची, मॅनेजरसकट. नवं मशीन आलं की मामा पुठ्ठा अंथरून, बॅटरी घेऊन त्याच्याखाली शिरायचे. बाहेर नुसते दोन पाय. अशी माणसं तुमच्याही कामावर असतील. त्यांना सगळे चिडवतात आणि ती मनावर घेत नाहीत.

एकदा मशीन रवाना होण्याआधी चालवून बघायला कंपनीने आम्हा दोघांना इटलीला धाडलं. बनवणाऱ्यांचा कारखाना जिनोआजवळ होता. जिनोआ म्हणजे भूमध्य समुद्राकाठचं जुनं बंदर. डोंगर थेट पाण्यात उतरलेला आणि मधे जागा मिळेल तिथे घरं. मामांच्या गळ्यात तुळशीची माळ, त्यामुळे मासळी बंद. बॅगेत भाकऱ्या, चटणी आणि ठेच्याची डबी. मला वाटलं, हे आता आठवडाभर हॉटेलच्या खोलीतच जेवणार.

रविवारी सुट्टी होती. मामा म्हणाले, "चला, गाव बघू." जुन्या शहरातल्या गल्ल्या इतक्या अरुंद की समोरून कुणी आलं तर आपण भिंतीला पाठ लावायची. वर दोऱ्यांवर चादरी वाळत घातलेल्या. मामा मान वर करून चालत होते. "आळंदीवानीच हाय की," म्हणाले. "म्हशी तेवढ्या न्हाईत."

एका दुकानापुढे रांग होती. आत भिंतीत लाकडाची भट्टी, आणि तिच्यातून एक बाई भलंमोठं तांब्याचं ताट ओढून काढत होती. त्यात पिवळीधमक, कडेला जराशी करपलेली पोळी. मामांनी वास घेतला आणि माझा दंड धरला. "राव, ह्ये बेसन हाय."

खरंच बेसन होतं. हरभऱ्याचं पीठ, पाणी, मीठ आणि ऑलिव्हचं तेल, बस्स. तिकडे त्याला फारिनाता म्हणतात. आमची पाळी आली तेव्हा मामा त्या बाईला आपल्या गावच्या, शुद्ध चऱ्होलीच्या मराठीत म्हणाले, "मावशी, जरा उलटं करून दावा." हातानेही दाखवलं. मावशीने कपाळाला आठ्या घातल्या, पण उलथन्याने तुकडा उलटा केला. मामांनी वाकून बघितलं आणि मान हलवली. रांगेतली माणसं हसायला लागली, मग मावशीही. मामांनी खिशातून डबी काढून तिच्या बोटावर जरासा ठेचा ठेवला. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ॲप्रनने तिने डोळे पुसले आणि बोट पुन्हा पुढे केलं.

पुढे आठवडाभर काम सुटलं की मी मामांना राजवाडे दाखवले, चर्चचं सोनेरी छत दाखवलं. ते मुकाट्याने बघायचे, पण भूक लागली की त्यांचे पाय भट्टीकडे वळायचे.

येताना मी चॉकलेटं घेतली, अत्तर घेतलं. मामांनी बायकोसाठी बेसनाचे दोन पुडे घेतले. इटलीहून चऱ्होलीला बेसन! मी समजावून पाहिलं. "दुसरं काय न्हेऊ?" ते म्हणाले. "ह्ये तिला कळंल."

काकूंनी, म्हणजे मामांच्या बायकोने, त्या बेसनाचं काय स्वागत केलं ते मी त्यांच्याच ओट्यावर बसून ऐकलं. "घरात डबा भरलाय, आन ह्यो मानूस समुद्र वलांडून पीठ घिऊन आला." कंपनीभर ही गोष्ट झाली. मामाही हसले, पण त्यांच्या डोक्याने एकच घेतलं होतं.

"जल्मभर ती चुलीम्होरं बसून बेसनाच्या पोळ्या करती," एकदा बसमध्ये ते मला म्हणाले. "चांगली झाली म्हून घरात कुनी म्हनलं न्हाई. म्या बी न्हाई. खालनं बघितली, खाल्ली, उठलो. तिकडं त्याला रांग लागती. ती रांग तिला दाखवायची हाय."

पैशाची अडचण नव्हती. त्यांचं वावर बिल्डरने घेतलं होतं, तिथे आता टॉवर उभे होते. गेटवर इटालियन नाव, आत कारंज्यात दोन उघडे पुतळे. "तिकडं असलं काय बी न्हाई," मामा म्हणायचे. अडचण म्हशीची होती. एवढी जमीन गेली तरी काकूंनी एक म्हैस ठेवली होती आणि तिला दुसऱ्याचा हात चालत नव्हता. काकूंचा पासपोर्ट निघाला तेव्हा म्हैस गाभण होती. मग व्याली. मग पारडू लहान होतं. मग म्हैस पुन्हा गाभण. "औंदा न्हाई जमायचं," काकू म्हणायच्या. मामा निवृत्त झाले तरी भेटले की तेच. "तुमी सांगा तिला. तुमचं ऐकंल." मी सांगायचो. काकू चहा ठेवायला आत जायच्या.

एके सकाळी चहा पिता पिता मामा गेले. मला फार वाईट वाटलं. जिनोआबद्दल बोलायला मला दुसरं कुणी नव्हतं.

दहाव्याला इंद्रायणीच्या घाटावर गेलो. पिंड मांडलेला, शेजारी काकूंच्या हातची बेसनाची पोळी. कावळे समोरच्या झाडावर बसून, पण एकही खाली येईना. गेलेल्याचं मन कशात अडकलं असेल तर कावळा शिवत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. मुलगा हात जोडून म्हणाला, "आईला संभाळीन." कावळे जागेवरच. भाऊ म्हणाला, "बांधाचं भांडण मिटवतो." तरी नाही. ऊन चढलं. दर्भाचा कावळा करून उरका, असं कुणीतरी म्हणालं. मी काकूंकडे बघत होतो.

काकू उठल्या. डोक्यावरचा पदर नीट केला आणि झाडाकडे न बघता, पोळीकडे बघत म्हणाल्या, "जाते. बघून येते तुमची रांग. आता खावा."

योगायोग म्हणा हवं तर, मीही तेच म्हणतो. एक कावळा उतरला. पिंडाला त्याने चोच लावली आणि पोळीकडे वळला. तुकडा चोचीत धरून उलटा केला, मान तिरकी करून खालची बाजू बघितली, आणि मग तो घेऊन उडाला.

काकूंनी डोळे पुसले आणि मुलाकडे वळल्या.

"म्हशीला गिऱ्हाईक बघ," त्या म्हणाल्या.