दारातला माणूस

अप्पाराव एकतीस वर्षं बँकेच्या दारात शिपाई होते. स्टुलावर बसायचं, कोण आलं कोण गेलं ते बघायचं आणि प्रत्येक म्हाताऱ्या खातेदाराला बजावायचं, "मोबाइलवर आलेला नंबर कुणाला सांगायचा नाय. साक्षात मॅनेजर आला तरी नाय." रिटायर झाल्यावर स्टूल सुटलं, सवय सुटली नाही. गारखेड्यातल्या आपल्या घराच्या दारात खुर्ची टाकून ते तसेच बसायचे आणि तोच धडा गल्लीला द्यायचे. बायकोला, गोजरबाईला, तर तो इतक्यांदा दिला होता की बाईनं झोपेतही म्हणून दाखवला असता.

अशा माणसाला कुणी कळवावं, की तुमचं दार बंद होतं!

त्याचं असं झालं. गोजरबाईला शुगर. मागच्या वर्षी तळपायाला जखम झाली आणि विजयादशमीला डोंगरावरच्या बुद्ध लेणीवर वंदनेला जायचं राहिलं. लग्न होऊन आल्यापासून बाईनं ती चढण कधी चुकवली नव्हती. त्या दिवशी ती पांढरं लुगडं नेसून दिवसभर ओट्यावर नुसती बसून राहिली. अप्पारावांना ते अजून सलत होतं. यंदा जखम भरली, पण डॉक्टर म्हणाले, मऊ तळाचे बूट असतील तरच चढायचं. पुण्याच्या लेकीनं, करुणानं, मापाचे बूट ऑनलाइन मागवले आणि फोन नंबर आईचा दिला.

सोमवारी गोजरबाईच्या फोनवर मेसेज आला: घर बंद होतं, उद्या येऊ. अप्पाराव दिवसभर दारात! मंगळवारी तेच. बुधवारी तर त्यांनी जेवणाचं ताटही दारातच मागवलं, आणि चार वाजता पुन्हा घर बंद. "अगं, मी काय दिसत नाय का कुणाला?" ते ओरडले. कुरिअर कंपनीला फोन लावला, तर एक गोड आवाजाची बाई एक दाबा, दोन दाबा म्हणत राहिली. अप्पारावांनी होतं नव्हतं ते सगळं दाबलं. बाईनं धन्यवाद म्हणून फोन ठेवून दिला.

गुरुवार उजाडला. दुसऱ्या दिवशी विजयादशमी. "आता म्या सोताच आणतो बूट," असं म्हणत अप्पाराव दोन रिक्षा बदलून शहराच्या दुसऱ्या टोकाला, कंपनीच्या पडेगावच्या गोदामात थडकले. खोक्यांच्या ढिगाआडून सांडू नावाचा कारकून बाहेर आला.

"काका, तुमचं पार्सल सकाळीच निघालं. घरी जा, तिकडंच येईल."

"तीन दिवस घरीच व्हतो ना बाबा!"

"मग आजच काहून आले इकडं?"

अप्पारावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सांडूनं त्यांना पाणी दिलं आणि शांतपणे समजावलं, "गारखेड्याला माणूस कमी हाय, काका. गाडी पोचली नाय की घर बंद लिहावं लागतं. दुसरं काही लिहायची सोयच नाय त्याच्यात." यावर भांडायचं तरी कुणाशी? बुटांसाठी नेलेली पिशवी रिकामीच काखेत मारून, कंपनीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत ते घरी परतले.

दारातल्या खुर्चीत गोजरबाई बसली होती. चेहरा नुसता फुललेला.

"आज चोर आलता," ती म्हणाली.

"चोर?"

"व्हय. खोकं घेऊन. म्हणे, मोबाइलवर नंबर आलाय तो सांगा, मग खोकं देतो. म्या म्हणलं, साक्षात मॅनेजर आला तरी नाय! लई गयावया केली. म्हणे, आज्जी, तुमचे बूट हायत. म्या म्हणलं, बूट आणायला आमचं माणूस पडेगावला गेलंय, तू कुठले बूट आणतो रे? सगळी गल्ली गोळा केली. पळाला मग."

अप्पारावांनी ओरडायला तोंड उघडलं. पण बायकोच्या तोंडून आत्ता ऐकलेला एकेक शब्द त्यांचाच होता.

तेवढ्यात तिच्या मांडीवरचा फोन वाजला. अप्पारावांनी तो उचलून वाचला: ग्राहकानं पार्सल घेण्यास नकार दिला, परत पाठवत आहोत. चार दिवसांत कंपनीनं पहिल्यांदाच खरं कळवलं होतं.

"काय म्हणतंय?" गोजरबाईनं विचारलं.

"काय नाय."

"मग दाखवा की बूट," असं म्हणत तिनं दोन्ही पाय पुढे केले. "घालून बघते. उद्या चढायचंय ना."