न ओसरणारी भरती आणि माझा फ्रिज

“…अमावस्येला खाडीला भरती येते, ती ओसरतच नाही! पहिल्या दिवशी तळमजले जातात, दुसऱ्या दिवशी…”

आणि नेमकी माझ्या कुकरची शिट्टी झाली हो! पुढचं सगळं वाफेत गेलं. तिथून मी जो गोंधळ घातला, तो ऐकाल तर चहा ठसक्यात जाईल तुमचा.

फोनवर बोलत होते तिसऱ्या मजल्यावरचे राणे. तेव्हा, नव्वदच्या दशकात, बेलापूरच्या आमच्या बिल्डिंगीत फोन एकट्या आमच्याकडे. कुणी बोलायला आलं की मी आपली सभ्यपणे स्वयंपाकघरात जायचे. कान बाहेरच राहायचा, त्याला मी काय करू?

आणि राणे सरकारी कचेरीतले. म्हणजे आतली बातमी! आमचं घर तळमजल्यावर. अमावस्या उद्यावर!

मी फक्त समोरच्या नाईकवहिनींना सांगितलं. “कुणाला बोलू नका” असं बजावूनसुद्धा! संध्याकाळपर्यंत सगळा तळमजला जिन्यात. गाद्या, पिंपं, शिलाई मशीन… आणि सर्वांत पुढे माझा फ्रिज, वळणावर गच्च अडकलेला.

तेवढ्यात आमची कोळीण हौसाबाई आली, टोपली घेऊन. “काय गो काकी, घर बदलतेस?”

मी कानात सांगितलं. ती खदाखदा हसली. “भरती वसरत नाय? का, चंद्र गावाला गेलाय?”

“अगं, राणेसाहेब सरकारी माणूस आहेत!”

“मग चंद्राची पन बदली केली काय त्यांनी?”

इतक्यात राणेच कचेरीतून आले आणि फ्रिजखाली थबकले. “काकू, हे काय?”

मी सांगत गेले, त्यांचा चेहरा उतरत गेला. “अहो, ती माझी गोष्ट आहे! विज्ञानकथा! दिवाळी अंकासाठी! संपादकांना ऐकवत होतो!”

सगळा जिना माझ्याकडे बघायला लागला. वाटलं, तो फ्रिज घसरावा आणि माझ्यावरच पडावा.

राणे पायरीवर बसले. “तीन गोष्टी परत आल्यात, काकू. संपादक म्हणतात, ही जादू झाली, विज्ञान कुठाय? पटत नाही. ही शेवटची संधी. परवा द्यायचीय.”

“पटत नाही? अख्ख्या तळमजल्याला पटली! हा फ्रिज काय हवा खायला वर आलाय?”

“मला नाय पटली,” हौसाबाई म्हणाली. “पानी धरून कोन बसलाय?”

राणे पुटपुटले, “चंद्र जवळ आला तर?”

“तर भरती मोठी येल. पन ओहोटी पन मोठी! सगळी खाडी उघडी पडंल, होड्या चिखलात.”

राणे ताडकन उठले. “बस्स! आधी तळमजले बुडतात, मग खाडी कोरडी!” आणि गाद्यांवरून उड्या मारत, फ्रिज ओलांडून वर पळाले लिहायला.

दुसऱ्या दिवशी खाडीचं पाणी खरंच फाटकापर्यंत आलं! “बघा, बघा!” म्हणून मी केवढ्याने ओरडले! दुपारी मुकाट्याने ओसरलं. असो. निम्मी तरी खरी ठरले ना?

पुढच्या आठवड्यात संपादकांचा फोन. राणे खाली येईपर्यंत म्हटलं, मलाच सांगा.

“गोष्ट घेतली. चंद्र, भरती, ओहोटी, सगळं पटलं. फक्त त्यांनी ती फोन ऐकणारी शेजारीण नव्याने घातलीय ना, ती काढा म्हणावं. इतकी भोचक बाई खऱ्या आयुष्यात असते का कुठे?”

“छे हो! काहीतरीच!” मी म्हटलं. “बरं, आणखी कुणाकुणाच्या गोष्टी परत पाठवल्यात?”