पानमळ्याचा इटाळ

लिव साक्षी, मी सांगते तसं. माझे धाकले दीर व्यंकटी भावजी, त्यांचा अर्धापूरला पानमळा. भाईर ऊन रखरखतं, अन् मळ्यात शिरलं की हिरवी हिरवी साउली. वाटतं, आपुन पाण्याखालून चालून राहिलो. चपला भाईर काढायच्या. अन् इटाळाच्या चार दिसांत बाईनं आत जायचं न्हाई, वेल जळतो मनायचे. मीबी तेच मानायची.

माझी जाऊ उमादेवी, भावजीची बायको, नवी नवरी व्हती तवा एकदा चुकून गेली आत. पंधरा दिसांत मळा पिवळा पडला. भावजी तिला मनले, "तू जाळलास माझा मळा." तिनं पुना मळ्यात पाय टाकला न्हाई. चाळीस वर्सं!

औंदा भावजीची कंबर धरली. सून उज्वलानं मळा हाती घेतला. पाणी द्यायची, पानं खुडायची, रोजच्या रोज. दोन म्हैन्यानं भावजीच्या ध्यानात आलं.

"उज्वला, अगं, तुझे चार दिस?"

"मामंजी, वेल कुठं कॅलेंडर पाहून राहिलाय?"

मला वाटलं, आता भडकतेत. पर ते काठी टेकत मळ्यात गेले अन् दिसभर साउलीत बसले, झोपेत असल्यावानी. वर नुसती पानं हालत व्हती. सांजच्याला मला इचारलं, "वैनी, मळा पिवळा पडला त्या साली पाणी साचलं व्हतं का?"

"लई! पाणी सोडून तुमी निलंग्याला लग्नात जाऊन बसला व्हता की."

मला ठावं व्हतं गं. पर दोन्ही गोष्टी कवा जोडून पायल्याच न्हाईत.

मग भावजीनं काय करावं? एका वाफ्यात मुद्दाम पाणी साचू दिलं. तिकडं एक बाई फिरकू दिली न्हाई. पंधरा दिसांत त्याच वाफ्याचे वेल पिवळे. बाकी मळा हिरवागार.

तसेच उमादेवीपुढं जाऊन उभे राहिले.

"चल, मळ्यात."

"माझा इटाळ जाऊन वीस वर्सं झाली. मला कोण आडवत व्हतं?"

"मग आली का न्हाईस?"

"तुमच्या तोंडून ऐकल्याबिगर?"

भावजीनं मान खाली घातली. "तू न्हाई जाळलास. म्याच बुडवला."

उमादेवी उठली. मळ्यात गेली. एकेका वेलाला हात लावत, सावकाश. भावजी मागं निघाले तर वळून मनली, "तुमी थांबा भाईर."

अन् ते थांबले.