शेजारच्या खोलीतला देश

तुडीलला आमचं घर बौद्ध वस्तीत, खालच्या अंगाला, सावित्री नदीच्या बाजूला होतं. नदी फुगली की आई आधी तांदळाचा डबा माळ्यावर चढवायची, मग मला. पण बाबांनी गाव सोडलं ते पाण्याला कंटाळून नाही. वरच्या आळीतली शेंबडी पोरंसुद्धा त्यांना अरे-तुरे करायची, निम्मं नाव मोडून हाक मारायची. ते त्यांच्या मनात खुपत राहिलं. कंपनीत कंत्राटी काम मिळालं तसे आम्ही महाडजवळ बिरवाडीत भाड्याच्या खोलीत आलो. तिथं मुकादम त्यांना आडनावानं, 'अहो' लावून बोलवायचा. पगारापेक्षा बाबा हेच जास्त सांगत.

शेजारच्या खोलीत एक नेपाळी कुटुंब राहायचं. नवरा कंपनीच्या गेटवर वॉचमन, बायको, आणि माझ्याच वयाची मुलगी. ती माझ्याच बाकावर बसायची आणि मराठीत माझ्यापेक्षा जास्त मार्क पाडायची, हे मला अजून पटलेलं नाही.

नळावर भांडी घासताना आमच्या दोघींच्या आयांचा एकच विषय: तुमच्याकडे कसं, आमच्याकडे कसं. तिची आई सांगायची, आमच्या दारातून झरा वाहतो, ऐन उन्हाळ्यातही आटत नाही. तेव्हा आई जरा मागे सरायची. मग तिची आईच सांगायची, पहिलं मूल तापानं फणफणलं, टोपलीत घालून डोंगर उतरवत होते, दवाखाना यायच्या आत वाटेतच गेलं. आई तिच्यापुढची भांडी आपल्याकडं ओढून घासायला घ्यायची. महाडला दवाखाना आहे, एस्टी आहे, कॉलेज आहे. आपलाच देश बरा, असं आमच्या घरात सगळ्यांनी ठरवूनच टाकलं होतं.

आम्ही दोघी दहावी पास झालो. महाडच्या कॉलेजात एकाच एस्टीनं जायचं, हे कधीचंच ठरलेलं. तेवढ्यात तिच्या वडिलांनी गावाला परत जायचं काढलं. त्यांच्या डोंगरात कॉलेज नव्हतं. म्हणजे तिचं शिक्षण इथंच संपणार. ती नुसती ओट्यावर बसून राहिली.

बाबा त्यांच्या खोलीत गेले. मागोमाग आई आणि मी. बाबांनी इथलं सगळं एकेक करून सांगितलं. पोरीला आमच्याकडं ठेवा म्हणाले, आमची एक तशी दुसरी. शेवटी म्हणाले, "बहादूर, इथं काय कमी हाय रे?"

तिचे वडील बाबांपेक्षा वयानं मोठे होते.

"कमी काय बी नाय, दादा," ते म्हणाले. "तिकडं रस्ता नाय, डॉक्टर नाय. पण डोंगर चढून गेलो की माणसं नाव घेऊन हाक मारतात. इकडं माझं नाव कोणाला ठावं हाय? मी बहादूर नाय. उद्या कॉलेजात हिला पण बहादूरची पोरगी म्हणतील."

बाबांनी मान खाली घातली. तुडील कशासाठी सोडलं, हे त्या खोलीत त्यांच्याइतकं कुणाला माहीत होतं?

आईनंच विचारलं, "भावोजी, तुमचं नाव काय हो?"

त्यांनी सांगितलं. पण ते नाव वापरायला आमच्याकडे फार दिवस उरले नव्हते; महिना सरायच्या आत ते तिला घेऊन गावाला गेले.

ती अजून अधूनमधून व्हिडिओ कॉल करते. गावापर्यंत आता रस्ता गेलाय, झराही वाहतो म्हणते. तिच्या मुली शाळेत जातात. "तू शिकलीस गो," असं एकदा म्हणाली, आमच्याच बोलीत. कोणता देश बरा, हा विषय ती काढत नाही, आणि मला काढवत नाही. बाबा मात्र कंपनीच्या गेटवर नवा वॉचमन दिसला की आधी नाव विचारतात.

महाडच्या त्या एस्टीनं मी एकटीच गेले. बी.ए. झाले. आमच्या घरातली पहिली पदवीधर.