सांत्वनाचा सराव

समोरासमोर ठेवलेल्या दोन रिकाम्या खुर्च्या दिसल्या की मला प्रशिक्षणाची ती सकाळ आठवते. निवृत्तीनंतर मी आणि माझ्या बायकोने, सुमतीने, चर्चच्या मिशनसेवेसाठी दूरच्या डोंगराळ गावी जायचं ठरवलं होतं. वर्गात आम्हीच सगळ्यांत म्हातारे. त्या दिवशी मृत्यू झालेल्या घरी धीर कसा द्यायचा, याचा सराव होता.

तरुण शिक्षक म्हणाले, "काकू, तुमचा मुलगा गेलाय असं समजा. काका भेटायला आलेत."

आमचा मुलगा सहा वर्षांपूर्वी खरंच गेला होता, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

बायबलमधली वचनं मला तोंडपाठ होती. पण सुमती पदर मुठीत धरून समोर बसली आणि मला एकही आठवेना. परक्यांच्या दारी न्यायला माणूस किती शब्द जमवतो, आणि स्वतःच्या घरात वर्षानुवर्षं मुका राहतो.

"बोला ना," ती हळूच म्हणाली. "तेव्हाही तुम्ही काहीच बोलला नव्हतात."

मी तिचा हात धरला. "सुहास झोपेत हसायचा, आठवतं?"

सहा वर्षांत पहिल्यांदाच ती माझ्यासमोर रडली.